किती सीसीचं घ्यावं

आकाशाला विचारलं तर ते एकच सांगतं : मोठं घे. रिमोटवर कसरती करणाऱ्या विमानांच्या बाबतीत भौतिकशास्त्र उघडउघड मोठ्याच्या बाजूने आहे आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हरकती सगळ्या जमिनीवरून येतात. दार अरुंद, गाडी आखूड, रान ढेकळांचं. खिसा तर तोंडच उघडत नाही.

*

या छंदात लांबी इंचांत मोजतात, ताकद सीसीत. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 80 इंच भरले की विमान ‘जायंट स्केल’मध्ये धरतात, पंखांची जोडी एकावर एक असेल तर 60 इंचांनाही तो मान मिळतो. कसरतीच्या विमानांच्या पायऱ्या साधारण ठरलेल्या आहेत. 30-35 सीसीच्या इंजिनाला 75 इंचांच्या आगेमागे पंख आणि पाचेक किलो वजन. नियमाने हे ‘मोठ्यात’ बसत नाही, पण पहिल्यांदा उचलणाऱ्याला ते कुणी सांगू नये. 50-60 सीसीला 85 ते 90 इंच, सात-आठ किलो. 100-120 ला 100 ते 105 इंच, अकरा ते तेरा किलो. त्याच्या वर 150-200 सीसी, दहा फुटी पंख आणि घरच्यांचा अबोला.

जुने खेळाडू टक्क्यांत बोलतात. एक्स्ट्रा 330 एससी या खऱ्या जर्मन विमानाचे पंख साडेसात मीटर. त्याचे 35 टक्के म्हणजे 2.6 मीटर. म्हणून शंभर सीसीचं विमान ‘पस्तीस टक्क्यांचं’. टक्के ऐकले की माणसाला राहिलेले पासष्ट दिसायला लागतात. हाव तिथून सुरू होते.

*

गुरुत्वाकर्षण आकार बघून सवलत देत नाही. 1.2 मीटर पंखांचं फोमचं विमान आपल्या पंखांच्या लांबीएवढं खाली पडायला अर्धा सेकंद घेतं. 2.6 मीटरच्याला पाऊण सेकंद लागतो, साडेसात मीटरच्या खऱ्या विमानाला सव्वा सेकंद. बघणाऱ्याने भौतिकशास्त्र शिकलेलं नसलं तरी हे घड्याळ त्याच्या डोळ्यांत जन्मापासून बसवलेलं असतं. लहान विमानाची गिरकी पापणी लवेपर्यंत संपते आणि ते खेळणं आहे हे गुपित फुटतं. मोठं विमान तीच गिरकी सावकाश घेतं. कोलांटीच्या टोकावर ते क्षणभर रेंगाळतं, मग नाक खाली टाकतं, आणि पाहणारा मनात म्हणतो, याला वजन आहे.

डौल म्हणजे पडायला लागणारा वेळ.

*

300 मीटरवर 2.6 मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसतात. 1.2 मीटरचे पंख तेवढे दिसायला विमान 140 मीटरवर आणावं लागतं. उडवणाऱ्यासाठी हा शोभेचा हिशेब नाही. विमान आपल्याकडे येतंय की आपल्यापासून जातंय, पोट दिसतंय की पाठ, हे कळेनासं झालं की हातातला रिमोट नुसता प्लास्टिकचा डबा उरतो. चाळिशीनंतर विमानं मोठी होत जातात ती पुष्कळदा हौसेने नव्हे, चष्म्याच्या नंबराने.

*

हवा तीच असते. पण लहान पंखाला ती दाट आणि चिकट लागते, मोठ्या पंखावरून ती सुरळीत वाहते. वाऱ्याचा झोत लहान विमानाला बाजूला सारतो. मोठं विमान तो झोत अंगावर घेऊन आपल्या रेषेवर राहतं. आजकाल लहान विमानात तोल सावरणारा जायरो बसवून थरथर लपवतात. लपवलेली थरथर म्हणजे स्थैर्य नव्हे, पण रविवारची सकाळ तिच्यावर चांगली निघते, हेही खोटं नाही.

*

गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट मांडून ठेवली : लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. पंख चौपट, ओझं आठपट. मोठं होत जाण्याची ही किंमत आहे आणि ती प्रत्येकाला चुकवावी लागते. माणूस बसलेल्या एक्स्ट्राच्या पंखावर दर चौरस मीटरला 80 किलोंच्या घरात भार असतो. शंभर सीसीच्या मॉडेलवर नऊ-दहा किलो, पन्नासच्या मॉडेलवर आठ. आतून पोकळ, बाल्सा आणि पातळ प्लाय कोरून कोरून जाळी केलेली, नळ्या कार्बनच्या. म्हणून खऱ्या विमानाला जे जमत नाही ते मॉडेलला जमतं. इंजिनाचा ओढा वजनाच्या दुपटीच्या आसपास असल्याने ते नाक वर करून नुसत्या पंख्यावर हवेत उभं राहतं. खरं एक्स्ट्रा तसं फार वेळ लटकू शकत नाही.

माणसाच्या विमानांत मात्र गाडी उलट्या दिशेने गेली. 1940 च्या दशकात कर्टिस पिट्स या अमेरिकन माणसाने दोन पंखजोड्यांचं एक चिमुकलं विमान बांधलं. पंख जेमतेम सव्वापाच मीटर. तोपर्यंत कसरतीची विमानं अंगापिंडाने भारदस्त असत. पिट्सच्या त्या बुटक्याने त्यांना जुनं करून टाकलं. मॉडेलवाला मोठेपणाकडे चढतो, पिट्स लहानपणाकडे उतरला, आणि दोघांना हवं होतं ते एकच : हात हलेल तेवढंच विमान हलावं, आणि हात हलेल तेव्हाच.

*

अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते ठेवायचं ठरलं तेव्हा खाली उतरवायला क्रेन लागली. त्या विमानाचा आकार आत बसणाऱ्या माणसांनी ठरवला होता. जिन्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. मॉडेलवाल्याला ती सबब नाही. त्याच्या विमानात कुणीच बसणार नसतं. त्याने जिन्याला विचारलंच पाहिजे.

पंख सुटतात, धड सुटत नाही. कार्बनच्या नळीवरून पंख ओढून काढता येतात. प्रत्येकी एक-दोन बोल्ट, दोन-तीन वायरी, काम संपलं. शंभर सीसीचं धड मात्र आठ फुटांचं एकसंध असतं आणि शेपटीवरचा उभा पंख त्याला आडवंही नीट होऊ देत नाही. आमच्या जुन्या जालन्यातल्या घरांचे जिने चढताना वळतात. धड वळत नाही. शेवटी ते पत्र्याच्या खोलीत जातं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली जे होतं ते बघायला जीव घट्ट लागतो : पंखांवर ताणून बसवलेली रंगीत फिल्म सैल पडते, तिच्यावर सुरकुत्या येतात, फासळ्यांमध्ये ती खोलगट बसते. मग छोटी इस्त्री घेऊन, तिला मोजा घालून, फिल्म न जाळता एकेक सुरकुती हाकलत बसायचं. साठ सीसीच्या विमानाला ही इस्त्री एका दुपारची. शंभरच्याला दोन दुपारी आणि वर पाठीचं दुखणं.

*

जालना बियाणं ग्रॅमवर विकतं आणि लोखंड टनावर. बद्रिनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. त्यांना 1998 चा वर्ल्ड फूड प्राइज मिळाला तो मुठीत मावणाऱ्या वस्तूच्या बळावर. त्याच गावाच्या भट्ट्यांमधून सळई निघते आणि 12 मीटर लांबीची ती सळई ट्रकच्या मागे लाल फडकं बांधून रस्त्याने निघते. त्यामुळे इथे गाडीबाहेर लोंबणाऱ्या वस्तूचं कुणाला नवल नाही. छोटा हत्ती टेम्पोचा हौदा सात फुटांचा, धड आठ फुटांचं. फूटभर शेपूट बाहेर. लोक वाट देतात, कुणी हसत नाही. फरक एवढाच की खड्ड्यात आपटलेली सळई सळईच राहते.

साठ सीसीचं धड साडेसहा-सात फुटांचं. मारुती ईकोची मागची सीट काढून, पुढची पाडून ते आत जातं आणि दार लागतं. दार लागणं ही मोठी गोष्ट आहे. जे विमान टेम्पो सांगितल्याशिवाय निघत नाही ते निम्म्या रविवारी निघत नाही.

*

आता रान. आकाराचा खरा निकाल इथे लागतो, आणि व्हिडिओत दिसणाऱ्या कापलेल्या हिरवळीचा इथे काही उपयोग नाही.

काळी माती विमानाला वर्षातून तीन वेगवेगळ्या रूपांत भेटते. श्रावणात ती चाकाला धरते. चाक फिरायचं थांबतं, शेपूट उचललं जातं आणि पुढचा लाकडी पंखा, म्हणजे प्रॉप, चिखलात जाऊन तुटतो. दिवाळीनंतर ती वर वाळलेली असते, पण तिच्यात पऱ्हाटी उभी असते. कापसाची ती बोटाएवढी काडी पंखाच्या खालच्या फिल्ममधून सुरीसारखी आरपार जाते. वेचण्या संपून पऱ्हाटी उपटून होईपर्यंत माघ सरतो. मग नांगरट. चैत्र-वैशाखात मातीला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. पन्नास-साठ सीसीच्या विमानाचं चाक चार इंच व्यासाचं असतं. ढेकूळ त्याहून मोठं असतं.

म्हणून इथलं उडवणं मुरमावर. पडीक माळ, गावाचं गायरान, प्लॉट पाडून विकायला ठेवलेली आणि न विकली गेलेली जमीन. मंदीत आमच्या धावपट्ट्या वाढतात. जिल्ह्यात आणखी एक उत्तम सपाट जागा मिळते : आटलेल्या पाझर तलावाचा तळ. कडक, मोकळा, वर तारा नाहीत, झाडं नाहीत. 2012-13 च्या दुष्काळात असे तळ जागोजाग उघडे पडले होते. शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या तलावातून त्या वर्षांत लोक वर्गणी काढून गाळ उपसत होते आणि गल्लीत टँकर आला की रांगा लागत. तेव्हा त्या सपाटीकडे धावपट्टी म्हणून बघणाऱ्याला मी छंदिष्ट म्हणणार नाही.

ताकदवान विमान चढायला दहा मीटरही पुष्कळ होतात. उतरायला सत्तर-ऐंशी लागतात, शिवाय येतानाच्या वाटेवर महावितरणची लाइन नको, मोसंबीची बाग नको, विहिरीवरचा खांब नको. जड विमान ताशी 45 किलोमीटरच्या खाली हवेत टिकत नाही, हलकं 35-40 पर्यंत येतं. ऐकायला फरक थोडा वाटतो. मुरमाची पट्टी संपून नांगरट सुरू होते त्या धुऱ्यावर तो थोडा राहत नाही. चढण्यावरून आकार ठरवणारे पुष्कळ आहेत. उतरण्यावरून ठरवावा.

बैल घेणारा आधी आपलं रान आठवतो, मग बाजारातली जोडी बघतो. विमान घेणारा आधी व्हिडिओ बघतो.

*

जालना समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर वर आहे. मे महिन्यातली दुपार, पारा चाळिशीवर. त्या वेळची इथली हवा पुस्तकातल्या हवेपेक्षा जवळजवळ सातव्या हिश्श्याने विरळ असते. इंजिन हवेवर चालतं, प्रॉप हवेला धरतो, पंख हवेवर टेकतो. कागदावरचं शंभर सीसी त्या दुपारी पंच्याऐंशीच्या आसपास उरतं. कुणी म्हणेल, मग म्हणूनच मोठं घ्यावं. मी म्हणतो, म्हणून सकाळी सातला यावं.

आषाढातला वारा आणि संक्रांतीचा मांजा या दोन गोष्टींना मात्र कोणताच आकार पुरत नाही. नायलॉन मांजा पंखाच्या कडेत शिरतो, पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्होच्या काडीला गुंडाळतो. त्या आठवड्यात विमान घरी बरं.

*

माळावर विमान जोडायला घेतलं की पंधरा मिनिटांत मोटारसायकली येतात. प्रश्न ठरलेले. “यात मानूस बसतो का?” नाही. “फवारनी होती का यानं?” नाही, ते ड्रोन वेगळे. हल्ली हा प्रश्न खवचट राहिलेला नाही. दहा लिटर टाकीचा फवारणीचा ड्रोन गावोगाव पोचला आहे आणि भरलेल्या टाकीसकट तो 25 किलोंच्या आतबाहेर असतो. लोकांना आता वजनं कळतात. मग शेवटचा प्रश्न : “अॅव्हरेज किती देतं?” दहा मिनिटांना अर्धा ते पाऊण लिटर. “आन् जातं कुठपर्यंत?” इथून निघतं, इथेच उतरतं.

“मंग घरीच बसायचं ना, भाऊ.”

आजवर या छंदावर झालेली ही सर्वांत नेमकी टीका आहे. उत्तर अजून सुचलेलं नाही.

*

2021 चे ड्रोन नियम मॉडेल विमानाची मर्यादा 25 किलो धरतात : शिकण्यासाठी, संशोधनासाठी, करमणुकीसाठी, आणि डोळ्यांच्या टप्प्यात. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते, आणि आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही. चिकलठाण्याचा विमानतळ जालना रोडवरच आहे, म्हणून बदनापूरच्या पुढे करमाड-शेंद्र्याकडे माळ शोधत जाणाऱ्याने आधी नकाशा बघावा. कायद्याने दोनशे सीसीपर्यंतही आडकाठी नाही. कायद्याने मुभा दिलेली प्रत्येक गोष्ट मांडवाखाली आणलीच पाहिजे असं नाही.

*

शंभर सीसी हा एकट्याचा आकार नाही. समोरासमोर दोन सिलिंडर, 28 इंची प्रॉप. एकाने शेपूट धरायचं, दुसऱ्याने जाड हातमोजा घालून प्रॉप फिरवायचा : चोक लावून, इंजिन एकदा खोकेपर्यंत; मग चोक काढून, पुन्हा. एकदा लागलं की मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर त्या प्रॉपचं टोक ताशी साडेआठशे किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असतं. ते दिसत नाही. दिसतं ते नुसतं करडं वर्तुळ, आणि त्याच्या पलीकडे वाकून बघायला आलेला कुणाचा तरी सहा वर्षांचा मुलगा.

तीस सीसीचं विमान एकटा माणूस काखेत मारून नेतो. साठच्याला एक मित्र लागतो. शंभरच्याला मित्राचा रविवार लागतो, आणि मित्रांच्या रविवारी लग्नं असतात.

*

सीसी वाढली की इंजिनच तेवढं मोठं होतं असं समजणारा दुकानदाराला फार आवडतो. पन्नासच्या विमानात सहा सर्व्हो भागतात : पंखांना दोन, शेपटीच्या आडव्या पट्ट्यांना दोन, रडरला एक, थ्रॉटलला एक. शंभरच्यात पंखांना चार होतात, रडरला कधी दोन; प्रत्येकाची ताकद दुप्पट, किंमत त्याहून वर, त्यांना वीज पुरवायला दोन बॅटऱ्या, दोघींवर लक्ष ठेवायला एक पेटी. जोडण्या वाढतात तशा बिघडायच्या जागा वाढतात. पन्नासचं सगळं मिळून चांगल्या दुचाकीच्या भावात बसतं, शंभरचं वापरलेल्या चारचाकीच्या. पेट्रोल कुठल्याही पंपावर मिळतं. त्यात चाळीसाला एक या प्रमाणात टू-स्ट्रोकचं तेल. प्रॉप मात्र गावात मिळत नाही, तो पुण्याहून किंवा बंगळूरहून येतो, आणि 28 इंची प्रॉपचं खोकं कुरिअरवाल्याला वाकवून बघायचा मोह होतो. इंजिन उभं करायचे अॅल्युमिनियमचे खुंटे एमआयडीसीत लेथवर करून मिळतात. टनाने लोखंड ओतणाऱ्या गावात मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडणारा कारागीर बसलेला असतो. त्याला नमुना दिला की तो आधी नमुन्यातली चूक दाखवतो.

*

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1926 मध्ये प्राण्यांच्या योग्य आकारावर एक छोटा निबंध लिहिला. पुढे 1957 मध्ये हा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ भारतात राहायला आला, इथला नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. त्या निबंधात उंदीर खोल खाणीत पडतो, थोडा हादरतो आणि चालू लागतो. घोड्याचं काय होतं ते हॉल्डेन एकाच शब्दात उरकतात. विमानांना हा न्याय तंतोतंत लागू आहे. सव्वा किलोचं फोमचं विमान ताशी साठच्या वेगाने मातीत गेलं तर नाक चेमटतं. ग्लू गन काढायची, नाक ओढायचं, चहा होईपर्यंत ते पुन्हा हवेत. बारा किलोचं ताशी शंभरने गेलं तर मातीत ओतली जाणारी ऊर्जा पंचवीस पटींहून जास्त असते. इंजिन ढेकळांखाली, बॅटरी वीस पावलांवर, आणि बाल्साच्या काड्या वेचायला खताची रिकामी पिशवी. इक्वाडोरच्या जंगलात वाढलेलं ते हलकं लाकूड मंठ्याच्या माळावर चुलीत घालायच्या लायकीचं उरतं. बायका ते मागून नेतात आणि पेटतं छान, म्हणतात.

लहान विमान पडतं. मोठं विमान फुटतं.

*

महाग विमान उंच उडतं. हे वाऱ्याचं नाही, काळजाचं गणित आहे. शंभर सीसीवाला तीन मजल्यांच्या वर लूप घालतो, स्टॉल टर्न घेतो, सगळं सुबक, आणि टाकीत अर्धं पेट्रोल असताना उतरवून पुसत बसतो. शेजारचा तीस सीसीवाला गुडघ्याच्या उंचीवरून विमान कुशीवर आडवं करून नेतो. आकाश दोघांना सारखंच दिलेलं आहे. एकाने त्यातला वरचा, सुरक्षित, कंटाळवाणा भाग घेतला.

कसरतीचं विमान खाली आणण्यासाठी असतं. नाक वर, शेपूट मुरमापासून वीतभर; प्रॉपच्या झोताने खाली धुळीची कढई घुमायला लागते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, कारण आता तो जमिनीवर आपटून परत येत असतो. डाव्या अंगठ्याखाली थ्रॉटलच्या काडीला बारीक दाते असतात : दोन दाते वर, एक खाली, पुन्हा एक वर. रडरची खालची कड कुसळांना शिवते, कुसळं वाकतात. उजवा अंगठा हलतोय असं बघणाऱ्याला दिसत नाही. दहा सेकंद. मग काडी पूर्ण पुढे, आणि विमान आवाज मागे टाकून सरळ वर.

ज्या आकाराला आपला हात इथपर्यंत आणायला धजतो तो आपला आकार. त्याच्या वरचे इंच दुसऱ्यांना दाखवायचे.

*

कुणी म्हणेल, मग फोमवरच थांबावं. तिथे भीतीच नाही. भीती नाही म्हणून लक्षही नाही. पडलं तर पडलं या सवयीचा हात पुढे कुठल्याच विमानाला उपयोगी पडत नाही. संगणकावरच्या सिम्युलेटरवर दर तासाला दहा विमानं मोडून मोकळे होणारे मी पाहिले आहेत. बोटं तयार होतात, पोट तयार होत नाही. थोडं दुखेल एवढं विमान हवं. महिनाभर जेवण जाणार नाही एवढं नको.

सत्तर-पंच्याऐंशी सीसीचा मधला आकार हा तडजोडीचा माल. शंभरचा डौल थोडा, साठची सोय थोडी. पण त्याचे प्रॉप, त्याचे पंख, त्याची कॅनॉपी माळावरच्या दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, आणि विकायला काढलं तर विचारायला कुणी येत नाही. शेजाऱ्याचा आकार हाही आकार निवडण्याचा एक चांगला आधार आहे. माळावर तिघांकडे साठ असेल तर चौथ्याने साठच घ्यावं. तुटलेल्या बोल्टसाठी सकाळ वाया जात नाही.

*

अंबडचा एक तरुण विचारायला आला. “काका, शंभर घेऊ का साठ?” पैसे त्याच्याकडे शंभराचे होते. नवं घर, रुंद दार, पिकअप गाडी, स्वतःचा मुरमाड पाच एकरांचा तुकडा. माझ्या सगळ्या हरकती त्याने बसल्या बसल्या खोडून काढल्या. उडवायला सोबत कोण, असं विचारलं तर म्हणाला, “भाऊ आहे ना.” भाऊ पुण्याला नोकरीला. मी साठ सांगितलं, आणि उरलेल्या पैशांत चार जादा प्रॉप, एक जादा लँडिंग गिअर, चांगले सर्व्हो आणि एक ताडपत्री. त्याने वहीत लिहून घेतलं. मोबाइलवर एक एक्स्ट्रा दाखवलं, 88 इंची : वरून पांढरं, खालून पांढरं, कडेने बारीक निळी रेघ. दिसायला देखणं. मी म्हटलं, पौषातल्या सकाळी धुरकट आभाळात हे तुला शंभर मीटरवर दिसणार नाही, आणि दिसलं तरी पाठ कुठली, पोट कुठलं ते कळणार नाही. वरून पिवळं किंवा लाल घे, खालून काळे-पांढरे रुंद चौकोन. तो जरा हिरमुसला. “साठ घेतो काका,” म्हणाला, “पण रंगाचं घरी विचारतो.”